देऊळ नसलेलं तीर्थ

चाकण, भोसरी आणि पिंपरी-चिंचवड या पट्ट्यातल्या पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्या सुट्टीला एक-दोन रजा जोडायच्या आणि बुधवारी रात्रीच गाडी काढायची, ही इथल्या तरुण कामगारांची आणि इंजिनिअरांची आवडती रीत. कुणी सुप्याच्या माळावर चिंकारा बघायला जातं, कुणी वेळासला कासवाची पिल्लं बघायला, तर कुणी मालवणला समुद्राच्या तळाशी उतरायला. चार दिवस हाताशी असले तर हे तिन्ही एकाच फेरीत बसतं. आधी रखरखीत माळ, मग पुळण, मग पाणी.

अशा फेरीत माणसाला जे मिळतं ती निव्वळ करमणूक असते, की यात्रेकरूच्या पदरात पडतं त्याच जातीचं ते काही असतं? हा प्रश्न विचारायचा हक्क या पट्ट्याला इतरांपेक्षा जास्त आहे. कारखाने येण्याआधी इथला माणूस घराबाहेर पडायचा तो बहुतेक देवासाठीच. मोरया गोसावी चिंचवडहून मोरगावला मयूरेश्वराच्या दर्शनाला नेमानं जात, असं परंपरा सांगते. चिंचवड देवस्थानाची पालखी आजही भाद्रपदात आणि माघात तीच वाट धरते. पट्ट्याच्या शेजारीच देहू आणि आळंदी. ज्येष्ठात दोन्हीकडून पालख्या निघतात, तेव्हा निगडी-आकुर्डीचे रस्ते कामगारांचे राहत नाहीत, वारकऱ्यांचे होतात.

गंमत अशी की सहलीचा पहिला टप्पा त्याच जुन्या वाटेवर येतो. मोरगावपासून जवळच बारामती तालुक्यात सुपे आहे, आणि तिथलं अभयारण्य मोरगावच्या देवाच्या नावानंच ओळखलं जातं. मयूरेश्वर अभयारण्य 1997 साली घोषित झालं. त्याचं क्षेत्रफळ जेमतेम 5.14 चौरस किलोमीटर, म्हणजे पट्ट्यातल्या एखाद्या मोठ्या औद्योगिक टप्प्याएवढंही नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतली ही जमीन. कुसळी गवत, बोराटी, हिवर, बाभळ, मधूनच उघडा मुरूम. उन्हाळ्यात तिथं उभं राहिलं की महाराष्ट्रात मरुभूमी नाही हे पटत नाही. पण त्या पिवळ्या माळावर चिंकारा आहे, लांडगा, खोकड आणि तरस आहे, धाविक आणि चंडोल आहेत. चिंकारा दिवसेंदिवस पाण्यावाचून राहू शकतो, पाला आणि दंव त्याला पुरतं.

अशा माळाला सरकारी दप्तरानं वर्षानुवर्षं पडीक जमीन म्हटलं. पुणे-सोलापूर पट्ट्यातल्या गवताळ जमिनींवर ग्लिरिसिडियासारखी झाडं लावली गेली आणि झाड लावणं हे पुण्यच असल्यामुळे फारशी कुणी हरकत घेतली नाही. मोकळ्यावर धावून जीव वाचवणाऱ्या चिंकाऱ्याला दाट झाडी अडचणीची होते, आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या धाविकाची जागाच जाते. धर्मबुद्धीनं केलेलं कामही समोरच्या जिवाची गरज न ओळखता केलं तर त्याच्या मुळावर येतं. सुप्याच्या माळावर उभ्या राहणाऱ्या कुठल्याही श्रद्धाळू माणसानं यावर थांबून विचार करावा. तिथं काही उगवत नाही म्हणून ती जागा रिकामी ठरत नाही.

मराठी संतचरित्रांना ओसाड प्रदेश नवा नाही. ज्ञानदेव आणि नामदेव उत्तरेच्या तीर्थयात्रेत मारवाडच्या वाळवंटात तहानलेले असताना एका खोल विहिरीपाशी आले, ही कथा घरोघर माहीत आहे. ज्ञानदेव योगबळानं खाली उतरून पाणी पिऊन आले. नामदेवांनी विठ्ठलाला हाक मारली आणि विहीरच भरून वाहू लागली. ती विहीर बिकानेरजवळ कोलायतला दाखवतात. ही कथा योग आणि भक्ती यांची तुलना म्हणून सांगितली जाते. तिच्यात आणखीही एक गोष्ट आहे. ज्ञानदेवांच्या पाण्यानं एका माणसाची तहान भागली. नामदेवांचं पाणी काठावर आलं, तिथं ते पुढच्या प्रत्येक वाटसरूचं आणि प्रत्येक जनावराचं झालं.

दुसरी कथा संत एकनाथांची. गंगेच्या पाण्याची कावड घेऊन ते रामेश्वराकडे निघालेले. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव पाण्यावाचून तडफडत होतं. शेकडो कोस खांद्यावरून वाहिलेलं, देवाला घालायचं ते पाणी नाथांनी गाढवाच्या तोंडात ओतलं. बरोबरचे यात्रेकरू हळहळले. नाथांना मात्र रामेश्वर तिथंच भेटला होता. या कथेतला करुणेचा भाग सगळ्यांना दिसतो. तिच्यातला त्याग त्याहून कठीण आहे. नाथांनी त्या क्षणी आपल्या यात्रेचं फळ सोडून दिलं. ज्यासाठी निघालो ते एका मुक्या प्राण्यासाठी हुकलं तरी चालेल, ही तयारी त्यांच्यापाशी होती. तीर्थ ओळखायची याहून चांगली कसोटी सापडणं अवघड आहे आणि सहलीलाही ती जशीच्या तशी लावता येते.

ती लावायची जागा म्हणजे वेळास. मंडणगड तालुक्यातलं हे गाव नाना फडणविसांचं. इथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाच्या माद्या अंडी घालायला येतात. पूर्वी ती अंडी माणसं आणि कुत्री-कोल्हे उकरून नेत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं भाऊ काटदरे यांच्या पुढाकारानं 2002 पासून इथं काम सुरू केलं. घरटी शोधायची, अंडी कुंपण घातलेल्या जागेत तशाच खोलीवर पुरायची आणि साधारण पन्नास-साठ दिवसांनी बाहेर येणारी पिल्लं समुद्रात सोडायची. 2006 पासून कासव महोत्सव भरू लागला आणि गावातली घरं पाहुण्यांसाठी उघडली. ज्या गावात अंडी खाल्ली जात, तिथंच आता पाहुण्यांना कासवाजवळ जोरात बोलू नका, फ्लॅश मारू नका, असं गावकरी बजावतात.

पिल्लं निघतात सकाळी किंवा संध्याकाळी, आणि निघतीलच असं नाही. चारशे रुपयांचं पेट्रोल असो की चार हजारांचं, घरट्यावरच्या टोपलीखाली हालचाल नसेल तर माणसं तशीच परततात. अनेकांची तेव्हा चिडचिड होते. काहींची होत नाही. यात्रेकरू आणि गिऱ्हाईक यांच्यातला फरक वेळासच्या पुळणीवर असा अगदी उघड दिसतो. दर्शन झालं नाही म्हणून वारकरी कुणाकडे पैसे परत मागत नाही. कळस पाहून, पायरीवर डोकं टेकून तो माघारी फिरतो.

आणि प्रवासाचंच म्हणायचं तर कासवापुढे माणसानं बोलू नये. ओडिशाच्या किनाऱ्यावर 2021 साली बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी 2025 मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. देशाच्या एका अंगाचा समुद्र सोडून अख्खं दक्षिण टोक ओलांडून ती दुसऱ्या अंगाला आली. आपल्याकडे गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं. हात-पाय आत ओढून घेणारा तो जीव इंद्रियसंयमाची खूण मानला जातो आणि देवाला सामोरं जाण्याआधी भाविक त्याला नमस्कार करतो. खऱ्या कासवाच्या वाटेतून मात्र आपल्याला बाजूला व्हावं लागतं. दोन्ही गोष्टी एकाच श्रद्धेतून निघायला हव्यात.

मालवणला सहलीचा रंग पालटतो. 1664 साली शिवाजी महाराजांनी जिथं सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं, त्याच कुरटे बेटाच्या आसपासच्या पाण्यात आज स्कूबा डायव्हिंग चालतं. इथला 29.12 चौरस किलोमीटरचा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. तारकर्लीला एमटीडीसीची डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे. पहिल्यांदा उतरणाऱ्याला किनाऱ्यावर काही गोष्टी पाठ करून घ्याव्या लागतात. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘वर जाऊया’ असा होतो. ‘सगळं ठीक’ हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवायची. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून काही मिनिटं सक्तीचं मौन. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम: श्वास रोखायचा नाही.

योगाभ्यास करणाऱ्याला हा शेवटचा नियम विशेष वाटेल, कारण प्राणायामात कुंभकाला मोठं स्थान आहे. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तिथं छातीत भरलेली हवा रोखून वर आलं तर ती दुपटीनं फुगते आणि फुप्फुसं फाटू शकतात. तिथं श्वास साठवून ठेवता येत नाही, तो सतत घ्यावा आणि सोडावाच लागतो. बळानं काहीच होत नाही. जो हातपाय मारतो त्याची हवा लवकर संपते, जो शांत राहतो त्याला जास्त वेळ मिळतो. बरीच धडपडी माणसं पाण्याखाली पहिल्यांदा गप्प होतात, त्यामागे हे शरीरशास्त्र आहे. त्याला अध्यात्म म्हणायची घाई नको, पण साधनेची पहिली पायरी याहून फार वेगळी नसते.

फोटोसाठी प्रवाळावर पाय टेकले, माशांची झुंबड उडावी म्हणून पावाचे तुकडे टाकले, तर ही साधना तिथंच संपली. अनेक प्रवाळ वर्षाला एखाद्या सेंटीमीटरच्या आसपासच वाढतात. एका पायाखाली कित्येक वर्षांची वाढ जाते.

यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. वारीत नाम आहे, संगत आहे, परंपरा आहे. सहलीत पैसा आहे आणि मोबाईल आहे. निसर्गातच देव दिसतो असं म्हणणाऱ्या माणसाला त्या देवाची कोणतीच आज्ञा पाळावी लागत नाही, म्हणून ही श्रद्धा स्वस्त आहे. आक्षेप बरोबर आहे. परंतु तो देवळात जाणाऱ्यालाही तितकाच लागू आहे, आणि संतांनी तो आधी त्यालाच लावला होता. अंतरात पालट नसेल तर तीर्थाचं पाणी नुसतं पाणी राहतं, हे त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं. आज्ञा हवी असेल तर चिंकाऱ्याचं मोकळं गवत, कासवाचा अंधार आणि प्रवाळाला पाय न लागणं या आज्ञाच आहेत. त्या मानणाऱ्याची सहल यात्रा होते. न मानणाऱ्याची पंढरपूरवारीसुद्धा सहलच राहते.

आज्ञा मालवणपुरती नाही, हे चाकणला निराळं सांगायला नको. 2008 साली शिंदे-वासुली इथं डाऊ केमिकल कंपनीच्या संशोधन केंद्राविरुद्ध वारकरी उभे राहिले. तुकोबांनी जिथं साधना केली असं मानतात, तो भामचंद्राचा डोंगर त्याच परिसरात आहे आणि तिथलं पाणी इंद्रायणीला जातं. आंदोलनाला हिंसक वळणही लागलं, त्याचं समर्थन करता येणार नाही. पण नदीला काय चालेल, हा प्रश्न त्यांनी धर्माचा प्रश्न म्हणून विचारला होता आणि तो योग्यच होता. कंपनीनं पुढे ती जागा सोडली. इंद्रायणी काही त्यामुळे स्वच्छ झाली नाही. कारखान्यांच्या आणि वस्त्यांच्या सांडपाण्यानं आळंदीच्या घाटावर आजही वरचेवर फेस तरंगतो आणि वारकरी त्याच पाण्यात स्नान करतात.

वेळासला जाऊन आलेल्यांना म्हणून एक विनंती. सहलीचे फोटो शॉपफ्लोअरवर जरूर दाखवा, त्याबरोबर आपल्या कारखान्याचा सांडपाणी शुद्ध करणारा ईटीपी रात्रपाळीलाही चालतो का, तेही विचारा. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. भीमा पंढरपुरात चंद्रभागा होऊन पुढे कृष्णेला जाते, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या मुखाजवळच्या किनाऱ्यावरही ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात.