मोज्यातला बोल्ट

माझ्या स्वयंपाकघरात, डाळींच्या डब्यांमागे, एका जुन्या लोकरी मोज्यात पोलादाचा वीतभर तुकडा आहे. तो माझा नाही. ज्याचा आहे तो शेजारच्या घरात राहतो, वय 79. गेल्या तीन आठवड्यांत त्याने मला चार वेळा विचारलंय, "माझा बोल्ट तुझ्याकडे आहे का?" चारही वेळा मी वेगवेगळं उत्तर दिलं. त्यातलं एकच खरं होतं.

मी पेनसिल्व्हेनियात राहतो, डोंगराळ भागात. इथे थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा रायफल सीझन सुरू होतो. पूर्वी तो सोमवारी सुरू व्हायचा आणि त्या दिवशी कित्येक शाळांना सुट्टी असायची. अजूनही असते काही ठिकाणी. आपल्याकडे बैलपोळ्याला गावात जसं वातावरण असतं, तसं काहीसं. ग्रीन कार्ड मिळाल्यानंतर, 2016 साली, मी रायफल घेतली. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असताना शिकारीच्या परवान्यासारखा एखादा अपवाद सोडला तर बंदूक बाळगता येत नाही, म्हणून तोवर थांबलो होतो. रुगर अमेरिकन रँच. साडेचारशे डॉलरच्या आसपास मिळाली. 16 इंचांहून किंचित लांब नळी (त्याहून आखूड नळीच्या रायफलीला केंद्राचा कायदा वेगळ्या, कडक यादीत टाकतो), वजन तीन किलोच्या आत, दस्ता सिंथेटिक. झुडपांतून वाकून जायला सोयीची आणि खिशाला परवडणारी.

तुमच्यापैकी बहुतेकांनी रायफल सिनेमातच पाहिली असेल, म्हणून एवढं सांगतो. बोल्ट-ॲक्शन म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने दांडी वर उचलायची, मागे ओढायची, रिकामी पुंगळी बाहेर पडते, मग पुढे ढकलायची, नवं काडतूस आत जातं, दांडी खाली. दाराची जुनी कडी काढून लावावी तसंच. ही जी दांडीवाली कडी, तोच बोल्ट. रायफलच्या डाव्या अंगाला एक छोटी कळ असते, ती दाबली की बोल्ट सबंध मागे सरकून हातात येतो. तो काढला की उरतं ते दस्ता लावलेलं नळकांडं. मजा म्हणजे अमेरिकी कायद्याच्या लेखी बंदूक म्हणजे ज्याच्यावर नंबर कोरलेला असतो तो रिसीव्हर. बोल्ट हा नुसता सुटा भाग, कुणाच्याही हातात द्यावा.

शेजाऱ्याला माझी रायफल आवडली नव्हती. त्याच्याकडे विंचेस्टर मॉडेल 70 आहे, बापाने पन्नासच्या दशकात घेतलेली, अक्रोडाच्या लाकडाची. लाकूड नाही तर रायफल कसली, हे त्याचं मत. पण जंगलात कुठे बसायचं, वारा कुठून येतो ते कसं ओळखायचं, आणि चाप न ओढता परत येणं हीसुद्धा शिकार कशी, हे मला त्यानेच शिकवलं. दहा वर्षांत मी दोन हरणं मारली. दोन्ही खाल्ली. पहिल्या वेळी आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अरे, तुझ्या आजोबांकडे पण होती बंदूक. त्यांनी हौसेनं नव्हती ठेवली."

खरं आहे. आजोबांची होती ठासणीची, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. कोकणात भात तयार व्हायला लागला की डुकरं उतरायची. आजोबा रात्री माळ्यावर बसून बहुतेक वेळा हवेतच बार काढायचे. पण मला आठवते ती बंदूक नाही, तिची ये-जा आठवते. निवडणूक जाहीर झाली की पोलीस पाटील निरोप घेऊन यायचा आणि आजोबा गोणपाटात गुंडाळलेली बंदूक एसटीने तालुक्याला नेऊन ठाण्यात जमा करायचे, पावती घ्यायचे. निकालानंतर परत आणायचे. ही रीत अजूनही चालू आहे. आजोबांना त्याचा राग यायचा. "चाळीस वर्षं बाळगतोय, एक माणूस घाबरवला नाही," असं ते म्हणायचे. राग रास्त होता. त्यांच्या बाबतीत सरकार उगाचच घाबरत होतं. फक्त एक गोष्ट ते धरून चालले होते: चाळीस वर्षांपूर्वी परवाना घेणारा माणूस आणि आज एसटीत बसलेला माणूस एकच आहे.

मला या लेखात खरं तर याच गृहीतकाबद्दल बोलायचंय.

मालकी म्हटलं की आपण वस्तू बदलते आणि मालक तोच राहतो असं धरतो. फोन जुना होतो, बॅटरी उतरते, आपण नवा घेतो. रायफलच्या बाबतीत हे उलटं आहे. वर्षाला वीस-पंचवीस गोळ्या झाडणाऱ्या माणसाच्या हयातीत नळी झिजत नाही. तेलाचं बोट फिरवत राहिलं तर शेजाऱ्याच्या बापाची रायफल आजही पहिल्या दिवशीसारखीच मारते. बदलतो तो मालक. परवाना देताना, दुकानात फॉर्म भरून घेताना, पार्श्वभूमी तपासताना जो माणूस समोर असतो त्याचीच चौकशी होते. दहा वर्षांनी त्या तिजोरीची किल्ली ज्याच्या खिशात असेल, त्याला कोणी भेटलेलं नसतं.

माझ्या बाबतीत तो माणूस 2020 च्या डिसेंबरात आला. वडील सप्टेंबरात गेले, गावी. विमानांचं आणि व्हिसाच्या शिक्क्यांचं तेव्हा जे चाललं होतं त्यात मला जाता आलं नाही. अंत्यसंस्कार मी फोनच्या पडद्यावर पाहिले, मध्ये दोनदा नेटवर्क गेलं. नोव्हेंबरात बायको वेगळी राहायला गेली, तिची चूक नव्हती. तपशील इथे नको. एवढंच की एका रात्री मला जाणवलं, मी तळघरातल्या तिजोरीचा विचार करतोय आणि शिकारीचा सीझन तर संपलेला आहे.

सकाळी उजाडल्यावर बोल्ट काढला, मोज्यात घातला आणि बर्फातून शेजाऱ्याकडे गेलो. म्हटलं, "हा थोडे दिवस तुझ्याकडे ठेव." त्याने मोजा हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं. का, विचारलं नाही. कॉफीच्या रिकाम्या डब्यात ठेवून डबा फळीवर सरकवला आणि म्हणाला, "हवा असेल तेव्हा ये. फक्त दिवसाउजेडी ये. आधी कॉफी पिऊ, मग देईन." त्याच दुपारी त्याने मला डॉक्टरांना फोन करायला लावला, स्वतः समोर बसून. आठ महिन्यांनी, ऑगस्टात, मी बोल्ट परत आणला. कॉफी अत्यंत पाणचट होती.

अमेरिकेतल्या बंदुकीच्या वादात दोन्ही बाजूंना दुसऱ्याची भीती असते: चोर, माथेफिरू, शाळेत घुसणारा. आकडे वेगळं सांगतात. 2021 साली इथे बंदुकीने 48,830 माणसं गेली. त्यातल्या 26,328 आत्महत्या होत्या. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा बंदुकीपुढचा माणूस मालकच होता किंवा घरातला कुणी. इस्रायलच्या सैन्याने 2006 साली एक साधा बदल केला. आठवड्याच्या सुट्टीला घरी जाणाऱ्या कोवळ्या पोरांनी रायफल बराकीतच ठेवून जायचं. सैन्यातल्या आत्महत्या सुमारे 40 टक्क्यांनी उतरल्या. पोरांचं दुःख तर तेवढंच राहिलं असणार. पण ती वेळ टळली, आणि अशी वेळ टळली की बहुतेक माणसं जगतात, पुढेही. मी त्यातलाच एक आहे. (तुम्ही आत्ता अशा एखाद्या रात्रीत असाल तर लेख इथेच सोडा आणि ओळखीतल्या कुणाला तरी उठवा. भारतात टेलिमानसचा 14416 हा नंबर रात्रीही उचलला जातो, अमेरिकेत 988.)

बोल्ट शेजाऱ्याकडे ठेवणं हे परीक्षेच्या महिन्यात इन्स्टाचा पासवर्ड मैत्रिणीला बदलायला लावण्यासारखंच आहे. ओडिसियसने स्वतःला डोलकाठीला बांधून घेतलं होतं, तीच युक्ती. आजचा मी उद्याच्या मला ओळखून असतो, म्हणून त्याच्या हातातली वस्तू काढून ठेवतो. यात कुणाच्या हक्कावर गदा येत नाही, कारण बांधणारा आणि बांधला जाणारा एकच. निदान मी इतकी वर्षं असंच समजत होतो.

आता शेजाऱ्याकडे येतो. गेल्या वर्षापासून तो विसरायला लागला. आधी किल्ल्या, मग नावं, मग एकदा घराचा रस्ता. ऑक्टोबरात त्याची मुलगी आली. बाप झोपला असताना तिने विंचेस्टरचा बोल्ट काढला आणि माझ्या दारात येऊन माझ्या हातात दिला. "तुमच्याकडे राहू दे. त्यांना सांगू नका." मी घेतला. घेताना एक क्षणही विचार केला नाही. विचार नंतर आला: मी माझा बोल्ट स्वतःहून दिला होता. याचा काढून घेतलाय.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये पहिल्याच भागात हा प्रश्न आहे. म्हातारा केफालस सांगतो की खरं बोलणं आणि ज्याचं त्याला परत देणं, यात माणसाचं भलं आहे. सॉक्रेटिस म्हणतो, समज, एका शहाण्या मित्राने तुझ्याकडे शस्त्रं ठेवायला दिली आणि वेड लागल्यावर ती परत मागितली. देशील? आणि अशा माणसाला सगळं खरं सांगशील? केफालस लगेच मानतो की नाही, तसं करू नये. मग तो हसत हसत वाद मुलाच्या गळ्यात घालतो आणि पूजेला निघून जातो. कॉलेजात वाचलं तेव्हा हे किरकोळ उदाहरण वाटलं होतं. पुढे सगळे न्याय म्हणजे काय याच्या मागे लागतात आणि तो मित्र राहूनच जातो. त्याने दार वाजवल्यावर नेमकं काय म्हणायचं, हे कुणी सांगत नाही. शिवाय त्या उदाहरणातल्या मित्राने शस्त्रं स्वतः दिली होती.

आपल्याकडे शमीचं झाड आहे. अज्ञातवासाला निघताना पांडवांनी शस्त्रं शमीवर बांधली, हे दसऱ्याच्या निमित्ताने सगळ्यांना माहीत असतं. विराटपर्वात पुढचा तपशील आहे, तो सहसा सांगितला जात नाही. कुणी जवळ फिरकू नये म्हणून त्यांनी झाडावर एक प्रेतही बांधलं आणि गुराख्या-मेंढपाळांना सांगितलं की ही आमची एकशे ऐंशी वर्षांची आई, आमच्या कुळाची रीतच आहे ही. धर्मराजासकट सगळ्यांनी ही थाप चालवून घेतली. वर्षभराने अर्जुनाने उत्तराला झाडावर चढवून शस्त्रं उतरवून घेतली. झाडाने ठेव परत केली, कारण मागणारा तोच होता जो ठेवून गेला होता. तो तोच आहे का, हे झाडाला पारखावं लागलं नाही.

मला लागतं. पहिल्या वेळी त्याने विचारलं तेव्हा मी म्हटलं, "नाही." तो मान हलवून गेला आणि मला दिवसभर खाणं गोड लागलं नाही. दुसऱ्या वेळी म्हटलं, मुलीने दुरुस्तीला दिला असेल. ही थाप जास्त वाईट, कारण त्याने संध्याकाळपर्यंत गावातल्या बंदुकीच्या दोन्ही दुकानांना फोन केले. मुलगी म्हणते, खोटं बोला, पाच मिनिटांत विसरतात. पण विसरणारा माणूस फसवला जात नाही, असं कसं म्हणायचं? त्या पाच मिनिटांत तो चोरी झालेला माणूस असतो.

तिसऱ्या वेळी खरं सांगितलं. स्वयंपाकघरात बसवलं, "आहे माझ्याकडे. तुला अलीकडे आठवत नाही, म्हणून तुझ्या मुलीने दिलाय." तो चिडेल असं वाटलं होतं. तो टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत बसला. मग म्हणाला, "तू पण आणला होतास एकदा. मोज्यात." मी हो म्हटलं. "मग ठीक आहे. मी दिवसाउजेडी येईन. कॉफी पिऊ." त्या क्षणी त्याने बोल्ट माझ्याकडे स्वतः ठेवला, असं मी धरलं. मला फार हलकं वाटलं. रात्री झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत आला. दिवसाउजेडी, बरोबर. त्याला काहीच आठवत नव्हतं. "माझा बोल्ट तुझ्याकडे आहे का?" कालच्या माणसाची संमती माझ्यापाशी होती, पण ती दाखवायची कुणाला? मी म्हटलं, "सीझनच्या आधी बघू." हे अर्धं खरं, म्हणून मी त्याला खऱ्यात धरत नाही.

आज गुरुवार. शनिवारी सीझन सुरू होतो. माझ्या खिडकीतून त्याचा पोर्च दिसतो. त्याने केशरी टोपी खुंटीवरून काढून पायरीवर उन्हात ठेवलीय. कॉफी मी आणून ठेवलीय, या वेळी जरा घट्ट करीन म्हणतो.