कर्ता नसलेले पाप

पाण्यात घाण टाकू नये हा नियम जुना आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात मलमूत्र आणि थुंकी पाण्यात टाकण्यास मनाई आहे. असे नियम एक गोष्ट गृहीत धरतात: टाकणारा काठावर उभा आहे आणि त्याला आपले कृत्य दिसते आहे. दोषी ठरतो, म्हणून प्रायश्चित्तही ठरवता येते. समुद्रात साचणाऱ्या प्लॅस्टिकच्या बाबतीत हे गृहीतकच टिकत नाही.

वसई पूर्वेचे गोखिवरे किनाऱ्यावरचे गाव नाही. एका अंगाला तुंगारेश्वरचे डोंगर, आजूबाजूला कारखान्यांचे गाळे आणि भोयदापाड्याला महापालिकेची कचराभूमी. येथल्या रस्त्यावर शाम्पूची पुडी टाकणाऱ्याच्या मनात समुद्र येण्याचे काहीच कारण नाही. पण पहिल्या मोठ्या पावसात गटारे फुगतात आणि कोपऱ्याकोपऱ्यांत अडकलेल्या पुड्या, पिशव्या, थर्माकोलचे तुकडे नाल्यांवाटे खाडीला लागतात. वसईची खाडी म्हणजे उल्हास नदीचे मुख; कर्जत, बदलापूर, कल्याण या वाटेवरचाही कचरा तीच घेऊन येते. ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकातील 2021 च्या अभ्यासाने जगातल्या नद्यांतून दरवर्षी 8 ते 27 लाख टन प्लॅस्टिक समुद्रात जात असल्याचा अंदाज मांडला. त्यात उल्हासचा क्रमांक अगदी वरच्या काही नद्यांत लागतो. हे गणिती प्रतिमान आहे, प्रत्यक्ष मोजणी नव्हे. तरी त्यातले कारण पटण्याजोगे आहे: नदी लांब असण्यापेक्षा दाट वस्ती समुद्राला खेटून असणे आणि पाऊस मुसळधार पडणे अधिक घातक ठरते.

फळ भोगावे लागते ते भलत्यालाच, मच्छीमारांना. डोल हे त्यांचे, पाण्याच्या ओढीच्या तोंडावर बांधलेले पिशवीसारखे जाळे. पाणी आरपार जाते, वाहत आलेले सारे शेपटाकडे साचते. त्यामुळे ते बोंबील आणि पिशवी यांत भेद करत नाही. बंदरावर टोपली उलटी केली की जवळ्यात गुरफटलेल्या प्लॅस्टिकच्या चिंध्या बोटांनी एकेक वेचून काढाव्या लागतात. त्या वेळाची मजुरी कोणी देत नाही.

कर्म एकाचे आणि फळ दुसऱ्याला, हे कर्मसिद्धान्ताला अडचणीचे आहे. बौद्ध विचारात चेतना, म्हणजे हेतू, हेच कर्म. त्या कसोटीवर पुडी टाकणारा जवळजवळ निर्दोष सुटतो. जैन विचार इतका उदार नाही. तत्त्वार्थसूत्राने हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, आणून ठेवला आहे. मारण्याचा हेतू नव्हता एवढ्याने सुटका होत नाही. वसईतल्या ख्रिस्ती समाजाला तिसरी मांडणी परिचित असू शकते: पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1987 च्या परिपत्रकात पापाच्या रचनांविषयी लिहिले, म्हणजे व्यक्तींच्या कृतींतून उभ्या राहिलेल्या आणि पुढे सगळ्यांनाच त्या वाटेने नेणाऱ्या व्यवस्था. एका रुपयाची पुडी ही अशीच व्यवस्था आहे. गरिबाला परवडेल असा शाम्पू विकणारी कंपनी रिकामी पुडी परत घेत नाही. म्हणून प्रमाद ग्राहकाचा आणि रचना उत्पादकाची, अशी दोषाची वाटणी अधिक न्याय्य वाटते.

विसर्जनाची कल्पनाही येथे अडते. मातीची मूर्ती पाण्यात विरते, फुले कुजतात. पंचमहाभूतांतून आलेले त्यांतच परत जाते, हा त्या विधीमागचा भाव. प्लॅस्टिक असे परतत नाही. उष्ण प्रदेशातल्या कडक उन्हाने ते ठिसूळ होते आणि तुटत जाते, पण नाहीसे होत नाही. पाण्याच्या बाटलीचे प्लॅस्टिक पाण्यापेक्षा जड असल्याने त्याचे तुकडे तळाशी बसतात. पिशवीचे हलके, म्हणून तरंगते. अशा बारीक कणांना ‘मायक्रोप्लॅस्टिक’ हे नाव रिचर्ड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांच्या 2004 च्या संशोधनाने रूढ केले. समुद्र सारे पोटात घेऊन शुद्ध करतो, ही श्रद्धा या कणांपुढे टिकत नाही.

मुंबईत वर्सोव्याला अफरोज शाह यांनी 2015 मध्ये किनारा साफ करायला घेतला. मार्च 2018 मध्ये तेथे ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. ही सफाई म्हणजे एका परीने प्रायश्चित्तच, फक्त ते दोषी नसलेल्यांनी घेतलेले. त्याचे मोल मोठे; पण दर भरतीला नवा थर येतो. महाराष्ट्राने 2018 मध्ये प्लॅस्टिकबंदी आणली, केंद्राने 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या काही वस्तूंवर बंदी घातली. पुड्या मात्र केंद्राच्या त्या यादीत नाहीत.

केरळने 2017 मध्ये कोल्लमजवळच्या शक्तिकुळंगरा बंदरात वेगळी वाट धरली. जाळ्यात आलेले प्लॅस्टिक मच्छीमारांनी पुन्हा पाण्यात न टाकता बंदरावर आणायचे, तेथे ते धुऊन, त्याचे तुकडे करून रस्त्याच्या डांबरात मिसळायचे, अशी ती योजना. वेचणीच्या या कामाची मजुरी तेथे बायकांना मिळू लागली.