नवी चाकोरी

स्वतःच्या श्रमानें मिळविलेला आनंद निर्दोष असतो, अशी एक समजूत आपल्या सुशिक्षित समाजांत दृढ होऊन बसली आहे. मोटारींतून धूर सोडीत डोंगरावर जाणारा मनुष्य विलासी, आणि तोच डोंगर सायकलीवरून घाम गाळीत चढणारा मनुष्य सात्त्विक, असा निवाडा आपण फारसा विचार न करतां देऊन टाकतों. आम्हीही तो अनेक वेळां दिला आहे. गेल्या भाद्रपदांत पन्हाळ्याच्या रानांत या समजुतीस जो धक्का बसला, तो अजून मनांतून जात नाहीं. म्हणून तो प्रश्न वाचकांपुढें मांडीत आहों.

डोंगरी सायकल हें वाहन तसें अलीकडचें. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत टॅमलपाइस नांवाच्या डोंगराच्या परिसरांत कांहीं तरुण मंडळी जुन्या, जाड टायरांच्या सायकली खालीं पिटाळीत. उतार असा कीं, मागच्या चाकाच्या तुंब्यांतील वंगण ब्रेकच्या उष्णतेनें जळून जाई आणि तें पुन्हां भरावें लागे; त्या वाटेचें 'रीपॅक' हें नांव त्यावरूनच पडलें. १९७६ सालीं तेथें शर्यती सुरू झाल्या, आणि अवघ्या २० वर्षांनीं, १९९६ च्या अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत, या खेळाचा समावेश झाला. आज कोल्हापुरांतही अशा सायकली घेऊन सुटीच्या दिवशीं पहांटे बाहेर पडणारे तरुण दिसतात. त्यांपैकीं एका माजी विद्यार्थ्यानें आग्रह केला, आणि पन्नाशी उलटलेले आम्ही त्या मंडळींच्या मागून निघालों.

पन्हाळा हा किल्लाही आहे आणि नांदतें गांवही आहे. तटाच्या आंत आजही संसार चालले आहेत. गडाच्या पश्चिमेस उतरलें म्हणजे शेतें, वाड्या, झाडी आणि त्यांपलीकडे मसाईचें विस्तीर्ण पठार लागतें. १६६० सालच्या जुलै महिन्यांत, सिद्दी जौहराचा वेढा चुकवून, शिवाजी महाराज भर पावसांत याच बाजूनें विशाळगडाकडे गेले. त्या रात्रीचें स्मरण मनांत असतां त्या वाटेनें जाण्यांत एक निराळाच उल्हास आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. चढावर छाती फुटेलसें वाटतें. परंतु एकदां उतारावर चाकें सुटलीं कीं, हँडलाची थरथर कोपरांपर्यंत येते, ओल्या मातीचा वास अंगावर येतो, आणि पन्नास वर्षांचें वय कोठें तरी मागें राहून जातें. पठारावर तर फुलांचा गालिचाच पसरला होता. त्यांतून एक अरुंद, तांबडी रेघ गेली होती. तिच्यावरून आम्ही वेगानें गेलों, आणि पुढें म्हशी दिसल्या म्हणून जोरानें ब्रेक दाबला. मागचें चाक चारपांच हात फरफटत गेलें.

म्हशींच्या मागें एक वृद्ध गुराखी होता. त्यानें रागाचा एकही शब्द काढला नाहीं. डोक्यावरचें घोंगडें सारखें करून तो एवढेंच म्हणाला, "सायेब, ही चाकोरी बगा. गेल्या साली बोटभर हुती, आता ढोपराएवढी झालीया. पाण्याला वाट गावली की ते ऐकतंय व्हय कुणाचं?"

'चाकोरी' हा शब्द ऐकून आम्ही चमकलों. शहरांतील जीवनाची चाकोरी सोडून जावें, म्हणून तर आम्ही येथें आलों होतों! चाकोरीबाहेर पडण्याचा आनंद आपण ज्या वाहनावरून भोगतों, तेंच वाहन दुसऱ्याच्या रानांत खरीखुरी चाकोरी पाडीत असतें, ही गोष्ट आमच्या ध्यानांत कधींच आली नव्हती.

म्हाताऱ्याचें म्हणणें शास्त्रासही धरून आहे. आपल्याकडे ज्यास सडा म्हणतात, तसलें हें जांभ्या दगडाचें पठार. दगडावर मातीचा थर जेमतेम कांहीं बोटें, कित्येक ठिकाणीं तोही नाहीं. अशा निकस मातींत सीतेची आसवें आणि दवबिंदू यांसारखीं इवलीं रोपटीं कीटक पकडून आपली उणीव भरून काढतात आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत आपलें सारें जीवित उरकून घेतात. पाऊल पडलें तर तें सुटें ठसे उमटवितें. चाकाची रेघ मात्र अखंड असते. उतारावरील अखंड रेघ म्हणजे पाण्याला आयता पाट. चाक फरफटलें कीं वरचें मुळांचें जाळें सोलून निघतें, आणि मग माती पावसागणिक वाहूं लागते. ती पुन्हां सांचावयास किती पिढ्या लागतील, याचा हिशेब आमच्या रविवारांत बसणारा नाहीं.

यावर आमच्या तरुण मित्रांनीं जे आक्षेप घेतले ते उडवून लावण्याजोगे नाहींत. म्हशींचे खूर काय कमी माती उकरतात, हा पहिला आक्षेप. उकरतात खरे, पण गुराख्याची उपजीविका त्या गवतावर आहे, आणि रान बिघडलें तर त्याची झळ प्रथम त्यालाच लागते. आमच्या हातून बिघडलेल्या रानाची झळ आम्हांस लागत नाहीं. आम्ही संध्याकाळीं घरीं येऊन ऊन पाण्यानें स्नान करतों. दुसरा आक्षेप असा कीं, बॉक्साइटच्या खाणींनीं याच जिल्ह्यांतील कांहीं सडे पोखरून काढले, तेथें एका सायकलीच्या रेघेचें काय घेऊन बसलांत? परंतु दुसऱ्याचा अपराध मोठा असल्यानें आपला लहान अपराध फिटत नाहीं. तिसरा आक्षेप भावनेचा होता: ज्या वाटेनें मावळे चिखल तुडवीत गेले, त्या वाटेनें आम्ही जाऊं नये काय? अवश्य जावें. मात्र ते प्राणांवर उदार होऊन गेले आणि आम्ही मौजेसाठीं जातों, एवढें विसरूं नये. त्यांच्या स्मरणामुळें त्या मातीविषयींची आमची जबाबदारी वाढते.

मग ही सायकल बंदच करावी काय? अमेरिकेंत १९६४ सालच्या कायद्यानें राखीव अरण्यांत यांत्रिक वाहतुकीस मनाई झाली, आणि पुढें सायकलही त्या मनाईंत धरली गेली. सरसकट बंदी आम्हांस कठोर वाटते; ज्यानें डोंगर अंगानें अनुभवला नाहीं, तो उद्यां डोंगरासाठीं भांडणार कसा? तथापि, वाहन इंजिनानें चालतें कीं घामानें, हा प्रश्न तेथें निर्णायक मानला नाहीं, ही गोष्ट विचारांत घेण्याजोगी आहे. उलट स्कॉटलंडांत २००३ च्या कायद्यानें रानावनांत सायकलीनें जाण्याचा हक्क सर्वांस दिला; पण तो जबाबदारीनें वागणाऱ्यासच. आम्हांस सर्वांत पटला तो इंग्लंडांतील १९६८ चा नियम. तेथें घोड्यांसाठीं राखलेल्या वाटांवर सायकलींस मुभा देतांना अशी अट घातली कीं, सायकलस्वारानें पायीं जाणारास आणि घोडेस्वारास आधीं वाट द्यावी. ज्याचा वेग अधिक त्यानें थांबावें, ही ती अट.

आपल्याकडे अशा वाटेस 'वहिवाट' म्हणतात. ती कोणा एकाच्या मालकीची नसते. रोज गरजेनें चालणाऱ्या पायांनीं ती पडते आणि टिकते. पाहुण्यास तिच्यावरून जावयास कोणी ना म्हणत नाहीं. पण पाहुण्यानें घरांतल्यांच्या चालीनें चालावें, ही अपेक्षा अवाजवी नाहीं. पाऊस झाल्यावर सड्यावर चाक घालूं नये, ओल्या जागीं उतरून सायकल खांद्यावर घ्यावी, माणूस वा जनावर दिसतांच थांबावें, रुळलेली वाट सोडून नवी पाडूं नये. यांत त्यागासारखें कांहीं नाहीं. घाम आमचा असला तरी झीज रानाची होते, एवढेंच ध्यानांत ठेवावयाचें.

परततांना आम्ही पठाराचा ओला भाग सायकल खांद्यावर घेऊन ओलांडला. मंडळी प्रथम हंसली. मग एकेक जण खालीं उतरला. तीन दरवाजापाशीं पोहोंचेपर्यंत अंधार पडला होता. १८४४ सालीं इंग्रजांनीं गडाची पूर्वेकडील वेस पाडली, पण हा दरवाजा उभा राहिला. २०२५ सालीं पन्हाळा जागतिक वारशांत गणला गेला, तेव्हां आम्हीही हर्ष मानला होता. तटाच्या दगडांस कोणी ओरखडा काढला तर आपण सगळे संतापून उठूं. तटाबाहेरच्या मातीवरील आमचा ओरखडा मात्र एका गुराख्याखेरीज कोणाला दिसला नाहीं.

आतां माघांत, जमीन वाळल्यावर, पुन्हां जावयाचें ठरलें आहे. ती चाकोरी या पावसानें आणखी किती खोल गेली, तें तेव्हां पाहूं. तिच्यांतील चारपांच हात आमच्या चाकाचे आहेत.