लुदियेची वाट

फिलिप्पै नगरात लुदिया जांभळी वस्त्रे विकीत असे. तिचा धंदा भक्तीच्या आड आला नाही. तिचे घर प्रभूच्या सेवकांस आश्रय झाले.

सातारा जिल्ह्यात म्हसवडच्या स्त्रियांनी बँक काढावयाचे योजिले, तेव्हा त्या निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारिला. त्यांनी धीर सोडिला नाही. अक्षरे शिकून त्या पुन्हा गेल्या, आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

आम्ही मात्र शेळी किंवा शिवणयंत्र घेऊ इच्छिणाऱ्या विधवेस पसाभर धान्य देऊन वाटेस लावितो. पसा एक दिवस पुरतो. तिला हिशेब शिकवू या, बँकेपर्यंत तिच्यासोबत चालू या. प्रीतीची परीक्षा ह्यातच आहे.