संयम कुणाच्या वाट्याला

अमेरिकेत मायनर लीग बेसबॉलच्या मैदानावर, होम प्लेटच्या मागच्या रांगांत, काही माणसं अशी बसलेली असतात की कोण जिंकलं याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. हातात स्टॉपवॉच, मांडीवर वही, शेजारी चेंडूचा वेग मोजणारी रडारगन. बॅटला चेंडू लागल्याचा आवाज आला की घड्याळ सुरू, धावणाऱ्याचा पाय पहिल्या बेसवर पडला की बंद. उजव्या हाताच्या फलंदाजाला ४.३ सेकंद लागले तर पळण्याच्या बाबतीत तो मेजर लीगच्या मानाने मध्यम. चार सेकंदांत पोचला, तर स्काउट मान वर करून त्याच्या शर्टावरचा नंबर पुन्हा एकदा बघून घेतो.

मग वहीत गुण पडतात. ते शून्य ते शंभर नसतात, २० ते ८० असतात, आणि ५० म्हणजे मेजर लीगमधला सर्वसाधारण खेळाडू. फलंदाजाचे पाच गुण बघायचे: चेंडू बॅटवर घेणं, ताकद, धाव, फेक आणि क्षेत्ररक्षण. प्रत्येकापुढे दोन आकडे लिहायचे, एक आजचा आणि एक पुढे कधीतरी होईल तो. आज ३५, पुढे ६०. पहिला आकडा डोळ्यांना दिसतो, घड्याळाला कळतो. दुसरा मनाने ठरवावा लागतो, आणि सगळा व्यवहार चालतो तो या दुसऱ्या आकड्यावर. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असं आपण सहज म्हणून जातो. या मंडळींचं तर त्यावर पोट आहे.

हा दुसरा आकडा भाकीत म्हणून लिहिला जातो. मला तो मंजुरीपत्रासारखा वाटतो. या पोरासाठी किती हंगाम थांबायचं, तो सपशेल आपटला तरी किती वेळा पुन्हा मैदानात उतरवायचं, याची ती मंजुरी असते. भाकीत खरं ठरलं की खोटं, हे पुढे लोक तपासतात. मंजुरी कुणाला मिळाली आणि कुणाला नाही, ते फारसं कुणी तपासत नाही.

एखाद्या डबल-ए संघाची यादी घ्या. मेजर लीगच्या प्रत्येक क्लबच्या हाताखाली २०२१पासून असे चार संघ आहेत: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. तीस क्लबांचे मिळून १२०. यादीतली नावं पंचविसावर, पण त्यातले खरे होतकरू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. नवखा वाचक आधी फलंदाजीची सरासरी बघतो, मुरलेला वाचक जन्मतारीख. सव्वीस वर्षांच्या माणसाची ०.३१० सरासरी आणि वीस वर्षांच्या पोराची ०.२६० यांत क्लबला दुसरी जास्त मोलाची वाटते, आणि त्यात चूक काही नाही. ह्वान सोतोने २०१८चा हंगाम हेगर्सटाउनला, म्हणजे जवळजवळ तळाच्या पायरीवर सुरू केला आणि २० मे रोजी तो वॉशिंग्टनकडून मेजर लीगमध्ये खेळला. वय १९. मधल्या डबल-एमध्ये त्याला जेमतेम आठ सामने लागले. पुढचा प्रश्न गावाचा. अल्बुकर्की समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच. विरळ हवेत चेंडू लांब जातो. तिथल्या होम रनवरून कुणी हुरळून जाऊ नये आणि तिथल्या पिचरला आकड्यांवरून निकालात काढू नये.

पण वय आणि गाव जमेस धरूनही आकडे किती चकवतात, ते रॉबर्तो क्लेमेंतेच्या १९५४च्या हंगामात बघावं. प्वेर्तो रिकोच्या या पोराला ब्रुकलिन डॉजर्सने १०,००० डॉलर बोनस देऊन घेतलं. त्या वेळचा नियम असा, की ४,०००च्या वर बोनस दिलेल्या खेळाडूला थेट मेजर लीगच्या संघात ठेवायचं. खाली पाठवलं तर हंगाम संपल्यावर दुसरा क्लब त्याला उचलू शकतो. डॉजर्सने त्याला खाली, माँट्रियल रॉयल्सकडे पाठवलं. तिथे तो ८७ सामन्यांत दिसला आणि त्याची सरासरी राहिली ०.२५७, होम रन २. या ओळीवरून कुणीही म्हणेल, मुलगा ठीक आहे, बघू पुढे.

डॉजर्सने त्याला मुद्दाम दडवून ठेवलं, अशी आख्यायिका पुढे रुजली. दुसऱ्या क्लबांच्या नजरेत भरू नये म्हणून त्याला बाकावर बसवायचे म्हणे. त्या हंगामातले सामने एकेक करून तपासणाऱ्यांना वेगळंच आढळलं: हंगामाच्या उत्तरार्धात तो मुख्यतः डावखुऱ्या पिचरसमोर खेळवला जात होता. उजव्या हाताच्या नवख्या फलंदाजाला असंच खेळवण्याची रीत होती. मला ही नीरस हकीकत आख्यायिकेपेक्षा जास्त बोलकी वाटते. एखाद्याची वाट अडवायला कट लागत नाही, रोजची रीत पुरते.

क्लाइड सुकफोर्थ हा पिट्सबर्गचा स्काउट आला होता जो ब्लॅक या पिचरला बघायला. सामन्याआधीच्या सरावात उजव्या कोपऱ्यातून येणारी क्लेमेंतेची फेक त्याने पाहिली आणि ब्लॅक बाजूला राहिला. नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्गने ४,००० डॉलर भरून क्लेमेंतेला उचललं. पुढची अठरा वर्षं तो तिथेच खेळला आणि बरोबर ३,००० हिट्सवर थांबला. १९७२च्या शेवटच्या दिवशी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं त्याचं विमान समुद्रात कोसळलं. सुकफोर्थचा डोळा थोर होता हे खरंच. पण पिट्सबर्ग तेव्हा गुणतक्त्यात तळाला होतं, आणि हरण्याची सवय झालेल्या संघाला एका कच्च्या पोराला रोज खेळवणं परवडत होतं, हेही तितकंच खरं. ब्रुकलिनकडे तशी सवड नव्हती.

आता उलट बाजू. बिली बीनला न्यूयॉर्क मेट्सने १९८०च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या फेरीत घेतलं. उंची, खांदे, धाव, फेक, सगळं स्काउटांच्या स्वप्नातलं. चार क्लब फिरून मेजर लीगमध्ये तो १४८ सामने खेळला, सरासरी ०.२१९. म्हणजे दहा वर्षं कुणी ना कुणी त्याच्यासाठी थांबत राहिलं. अखेर १९९०मध्ये त्याने आपण होऊन खेळ सोडला आणि ओकलंडमध्ये स्काउटचं काम मागून घेतलं. पुढे तिथलाच जनरल मॅनेजर होऊन त्याने ‘दिसायला खेळाडू’ या निकषावरच हत्यार उपसलं, ही गोष्ट ‘मनीबॉल’ या सिनेमामुळे अनेकांना माहीत आहे.

आणि माइक पियाझा. १९८८चा ड्राफ्ट, ६२वी फेरी, क्रमांक १३९०. तोही गुणांवर नव्हे. डॉजर्सचा मॅनेजर टॉमी लसोर्डा हा त्याच्या वडिलांचा गाववाला मित्र, त्याच्या शब्दाखातर. आपल्या भाषेत सांगायचं तर वशिल्याने. पहिल्या बेसवरून त्याला कॅचर करण्यात आलं, आणि ते शिकायला तो डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या डॉजर्सच्या अकादमीत जाऊन राहिला. १९९३मध्ये ३५ होम रन मारून तो वर्षाचा सर्वोत्तम नवोदित ठरला, २०१६मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. वशिल्याने त्याला गुण दिले नाहीत, मुदत दिली. तिथे ज्यांचं कुणी ओळखीचं नव्हतं, अशा किती पियाझांना दुसऱ्या उन्हाळ्यात घरी पाठवलं गेलं, हे मोजायची सोय नाही, कारण त्यांची नोंद ‘अपयशी’ या एका शब्दात संपते.

बास्केटबॉलचा मायकेल जॉर्डन १९९४मध्ये एकतिसाव्या वर्षी बर्मिंगहॅम बॅरन्सकडून डबल-ए खेळला, तेव्हा १२७ सामन्यांत ०.२०२ सरासरी असूनही तो रोज संघात होता. असो. नाव मोठं असलं की मंजुरी लागत नाही.

आता कॅमेरे आणि रडार चेंडूच्या फिरकीपासून बॅटवरून सुटतानाच्या वेगापर्यंत सगळं टिपतात, तेव्हा हे सगळं इतिहासजमा झालं, असं कुणी म्हणेल. मोजमाप सुधारलं यात वाद नाही. पण मोजमाप अचूक आणि निष्कर्ष चुकीचा, हेही बेसबॉलने पाहिलं आहे. १९९६मध्ये टेक्सस रेंजर्सने आर. ए. डिकी या पिचरला पहिल्या फेरीत घेऊन ८,१०,००० डॉलर देऊ केले. एका मासिकाच्या मुखपृष्ठावरच्या फोटोत त्याचा उजवा हात विचित्र लोंबताना दिसला, तपासणी झाली, तर कोपरातला एक मुख्य अस्थिबंध मुळातच नव्हता. देकार ७५,००० वर आला. निदान बिनचूक होतं. हात तोच होता, तोवर त्याच हाताने तो जिंकत आला होता. पुढे नकल बॉल, म्हणजे जवळजवळ न फिरता डळमळत जाणारा चेंडू, शिकून त्याने २०१२मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार घेतला.

मुदत मिळाली म्हणजे सगळं साधतं असंही नाही, आणि इथे आपल्या देशातली दोन नावं येतात. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे भालाफेकपटू २००८मध्ये वेगवान फेकीच्या स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्गनेच त्यांच्याशी करार केला. त्याआधी दोघांनी बेसबॉल हातात धरलेला नव्हता. वेग रडारवर मिनिटात कळला. पण समोरचा फलंदाज काय ताडतोय, हे ओळखायला डॉमिनिकन पोरं पाचव्या-सहाव्या वर्षापासून गल्लीत शिकतात. ती वर्षं करारात लिहून देता येत नाहीत. दिनेश २०१०नंतर परतला. रिंकू सिंगल-एपर्यंत चढला, दुखापतींत अडकला आणि शेवटी कुस्तीच्या व्यावसायिक आखाड्यात गेला.

मंजुरीला पैशाचीही बाजू आहे. मोठा बोनस मिळालेला पोरगा हंगामाबाहेरचे महिने जिममध्ये काढतो, बाकीचे गोदामात नाहीतर दुकानात. २०२३ पूर्वी सिंगल-एमध्ये वर्षाला ११,००० डॉलरच्या आसपास मिळत; खेळाडूंची संघटना झाल्यावर २६,२०० झाले. यादीतल्या वीसएक जणांना क्लब खेळवतो ते त्या चार-पाच होतकरूंना सामना खेळायला मिळावा म्हणून. समोर पिचर लागतो, पहिल्या बेसवर कुणीतरी उभं असावं लागतं. हे त्यांनाही माहीत असतं, आणि तरी ते चौदा तास बसने प्रवास करून दुसऱ्या दिवशी धावत पहिला बेस गाठतात. त्यांच्यावर अहवाल लिहिताना स्काउट दोन ओळींत आटोपतो. मला वाटतं, त्या दोन ओळी आधी लिहिल्या जातात, आणि खेळ नंतर त्यांच्याप्रमाणे होतो.

या सगळ्यावर क्लबांचं उत्तर तयार आहे: आमचे अंदाज आता पूर्वीपेक्षा नेमके आहेत. असतीलही. पण अंदाज खोटा पाडू शकणारी माणसंच कमी केली, तर अंदाज नेमका दिसणारच. २०२१मध्ये मायनर लीगचे चाळीस संघ गेले. २०२४पासून क्लबला हाताखाली ठेवता येणाऱ्या खेळाडूंची मर्यादा १८०वरून १६५वर आली. ड्राफ्टबाहेरच्यांशी करार करायला बंदी नाही, पण जागा तेवढीच. ड्राफ्ट २०१९पर्यंत ४० फेऱ्यांचा होता, आता २० फेऱ्यांचा आहे आणि सहाशेच्या थोडं पुढे जाऊन संपतो. पियाझाचा क्रमांक १३९० होता.