ताक फुंकून पिणारे यंत्र

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, असे म्हणतात. यात त्या माणसाची चेष्टा आहे की कौतुक, हे मला शाळेत असल्यापासून उमगलेले नाही. पोळलेल्याने सावध होऊ नये तर काय करावे? पण सावधपणा कुठे संपतो आणि तिरसटपणा कुठे सुरू होतो? समोरच्याने किती कमी दिले म्हणजे त्याच्याशी संबंध तोडावा? थोरामोठ्यांनी यावर पुष्कळ लिहून ठेवले असेल. मला मात्र हा प्रश्न आमच्या घरातल्या इन्व्हर्टरने घातला.

इन्व्हर्टर आमच्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत शिरला तो प्रामुख्याने भारनियमनाच्या काळात. 2005 आणि नंतरच्या काही वर्षांत वीज कधी जाणार याचे वेळापत्रक लोक पंचांगाच्या शेजारी टांगून ठेवत. पुढे भारनियमन ओसरले, पण इन्व्हर्टर राहिला. लग्नाला आलेला आणि मुलाच्या मुंजीपर्यंत थांबलेला पाहुणा असावा तसा. काम तसे साधे. रस्त्यावरून वीज येत असेल तोवर ती घराला पुढे द्यायची, त्यातली थोडी घेऊन बॅटरी भरायची. आणि वीज गेली की बॅटरीच्या 12 व्होल्टचे 230 करून दिवे-पंखे चालवायचे.

आमचा इन्व्हर्टर गेल्या दिवाळीपासून बिघडला. बंद पडला असता तर एक वेळ परवडले असते. तो रुसू लागला. समोरच्या गॅलरीतला आकाशकंदील झगझगतोय, रस्त्यावरचे दिवे चालू आहेत, आणि आमचा इन्व्हर्टर खट्! बॅटरीवर. दोन मिनिटांनी पुन्हा खट्! विजेवर. संध्याकाळी सात ते नऊ हा खेळ विशेष रंगायचा.

"अहो, वीज गेली का?"

"नाही."

"मग हा का गेला?"

आई जपाची माळ थांबवून म्हणाली, "कुणी काही बोललं का त्याला?"

आमच्या सोसायटीत वैद्य आणि वीजतज्ज्ञ सारख्याच संख्येने आहेत, आणि बहुधा तीच माणसे. तळमजल्यावरचे निवृत्त मामलेदार म्हणाले, "अर्थिंग बघा." दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी बॅटरीत पाणी घालायला सांगितले, आणि पाणी भरलेलेच आहे म्हटल्यावर त्यांना वाईट वाटले. एका गृहस्थांनी बॅटरीचे तोंड कोणत्या दिशेला आहे याची चौकशी केली. शेवटी दुकानातला मुलगा आला. त्याने पिशवीदेखील खाली ठेवली नाही. "बॅटरी गेली साहेब. बदलून टाका."

तो गेल्यावर आमची ही म्हणाली, "बॅटरी वाईट असेल तर ती अंधारात दगा देईल. उजेडात हा तिच्याकडे धावत कशाला जाईल?"

तर्कशास्त्राच्या अख्ख्या पुस्तकात इतके स्वच्छ वाक्य मला कधी सापडले नव्हते. पंधराएक हजार रुपये वाचले, आणि आम्ही एका म्हाताऱ्या वायरमनला बोलावले. तो सकाळी यायला तयार होईना. "दुखतं तेव्हाच दाखवायचं असतं," म्हणाला आणि संध्याकाळी साडेसातला आला. आल्यावर इन्व्हर्टरकडे त्याने बघितलेही नाही. पहिला प्रश्न विचारला, "शेजारी कसं आहे?"

शेजाऱ्यांकडे मीटर लावला. 210 व्होल्ट. आमच्याकडे 195. दोन्ही घरे एकाच फेजवर. "म्हणजे रस्त्यावर थोडं कमी आहेच," वायरमन म्हणाला, "पण बाकीचं तुमच्या घरात सांडतंय. गिझर लावा बघू." गिझर लावला. काटा 178 वर घसरला, आणि खट्!

मग त्याने इन्व्हर्टरची बाजू समजावून सांगितली. आमच्या इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूला एक छोटा स्विच होता आणि बसवणाऱ्याने तो 'यूपीएस'वर ठेवला होता. तशा स्थितीत 180 च्या खाली किंवा 260 च्या वर काही आले की तो वीज नाकारतो. 178 व्होल्ट म्हणजे त्याच्या लेखी अंधारच. पण खरी गंमत पुढे आहे. तो बॅटरीवर गेला की त्याचे ओझे लाइनवरून उतरते, त्यामुळे व्होल्ट आपोआप दहाएक वर चढतात. त्याला वाटते, झाले, वीज सुधारली! तो परत येतो. येतो तो मुकाट्याने येत नाही. मधल्या काळात बॅटरीतले जे खर्च झाले ते लगेच वसूल करायला बसतो. त्या ओढीने व्होल्ट पुन्हा पडतात, आणि हा पुन्हा रुसून आत. माहेरी निघून जाणे, परत येणे आणि आल्या आल्या मागचे सगळे भरून मागणे ही रीत फक्त माणसांचीच आहे अशी माझी समजूत होती.

वायरमनने मेन बंद केला, बोर्ड उघडला. न्यूट्रलचा स्क्रू ढिला होता आणि शेजारची तार तापून काळी पडली होती. त्याने तार कापून साफ केली, स्क्रू आवळला. मेन चालू केला, गिझर लावला, तरी काटा 200 च्या खाली आला नाही. मग त्याने मागचा तो छोटा स्विच दुसऱ्या बाजूला सरकवला. आता इन्व्हर्टर साधारण 100 व्होल्टपर्यंत सांभाळून घेईल. "कॉम्प्युटर असेल तर ती कडक बाजू, त्याला क्षणभरही खपत नाही. पंख्याला काय, जरा हळू फिरेल."

"मग आधी स्विचच का नाही सरकवला?" मामलेदारांनी विचारले. ते अर्थातच येऊन उभे होते.

"सरकवला असता तर खटखट थांबली असती, काका. आणि आत स्क्रू तापत राहिला असता. एक दिवस बोर्डच पेटला असता."

त्या रात्री मला झोप लागेना. मला आमचे मामा आठवत होते. मामा 180 वर ठेवलेले. पत्रिकेवर नाव कोणाच्या खाली छापले, पंगतीत दुसऱ्यांदा विचारले की नाही, फोन आधी कोणी केला, एवढ्यावर खट्! प्रत्येक वेळी ते म्हणायचे, "मला कुणाची गरज नाही. मी समर्थ आहे." होतेही. पण बॅटरी ही कितीही मोठी घेतली तरी मोजकीच असते. रोज थोडी थोडी उपसली आणि पुरती कधी भरू दिली नाही, तर आतल्या पट्ट्यांवर क्षार धरतात. ते कडक झाले की मग कितीही भरा, ती पूर्वीसारखी होत नाही. मामी इस्पितळात होत्या त्या नऊ रात्री मामा एकटे बाकावर बसून होते. आळीपाळीने बसायला येतील अशी माणसे त्यांनी एकेक करून, फार किरकोळ व्होल्टसाठी, तोडून टाकली होती. खरा अंधार आला तेव्हा साठा संपलेला होता.

पण म्हणून सगळे सोसावे, असे मी म्हणणार नाही. कारण मला मावशीही आठवतात. मावशींनी सासरी चाळीस वर्षे 110 व्होल्टवर काढली आणि सगळ्या नात्यागोत्याने त्यांच्या सोशिकपणाचे कौतुक केले. कमी दाबावर फ्रिजची मोटार थांबत नाही म्हणून ती सुखी असते असे नव्हे. ती रेटा लावते, जास्त करंट ओढते, आतल्या आत तापते आणि एक दिवस जळते. तेव्हा लोक म्हणतात, "अरे, काल तर चालू होता!" ज्यांनी मावशींचे कौतुक केले त्यांच्यापैकी एकानेही बोर्ड उघडून बघितला नव्हता.

म्हणजे मामांचा स्विच चुकीचा आणि मावशींचाही चुकीचा. आम्ही आयुष्यभर भांडतो ते स्विच कुठे ठेवावा यावर: माणसाने कडक असावे की मऊ, बाणेदार की समजूतदार. म्हाताऱ्या वायरमनचा क्रम वेगळा होता. आधी शेजारी बघायचे: सगळ्यांनाच कमी येतेय की आपल्यालाच? मग ओझे घालून बघायचे, कारण बिनओझ्याच्या वेळी ढिला सांधाही 230 दाखवतो, आणि सणासुदीला गोड बोलणारी माणसेही. मग गळती शोधून स्क्रू आवळायचा. आणि एवढे झाल्यावर जे कमी पडेल ते गोड मानून घ्यायचे. आधी स्क्रू, मग स्विच. क्षमा करायला हरकत नाही, पण जळका वास येत असताना नाही.

मामा आता थकले आहेत. त्यांना कोणी फोन करीत नाही. आई करते, दर गुरुवारी. पलीकडून "हं", "बरं", "ठेवतो" एवढेच येते. परवा ही न राहवून म्हणाली, "आई, ते धड बोलतही नाहीत. कशाला करता?"

आईने चष्मा पुसला. "गेल्या महिन्यात 'ठेवतो'च म्हणायचा," ती म्हणाली. "या गुरुवारी 'तुझे गुडघे कसे आहेत' म्हणून विचारलंन. कमी येतंय गं, पण येतंय."