पोटात न राहिलेला पाव

शास्त्रपाठ : यहेज्केल २:८ ते ३:३, प्रकटीकरण १०:८-११, मत्तय ५:२३, २४



आमची खासबाग ही विणकरांची वस्ती. मागांचा खडखडाट ऐकतच येथील मुले लहानाची मोठी होतात. गेल्या पावसाळ्यात शब्बाथशाळेत मी सुवर्णवचन विचारले, तेव्हा एका मुलाला ते काही केल्या आठवेना. डोके खाजवत तो म्हणाला, "सर, डोरेमॉनचा पाव पायजे होता की!" सारा वर्ग हसला. मला मात्र काहीच उमगले नाही. मग मुलांनीच मला ती गोष्ट सांगितली, आणि पुढे घरी मुलीबरोबर बसून मी तो भाग पाहिलाही.

डोरेमॉन हे बाविसाव्या शतकातून आलेले यंत्रमांजर. फुजिको एफ. फुजिओ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जपानी चित्रकाराची ही चित्रकथा १९६९ साली सुरू झाली. १९७९ पासून जपानात तिची टीव्ही मालिका गाजली आणि २००५ पासून ती आपल्याकडे हिंदीतून दिसू लागली. नोबिता हा अभ्यासात मागे पडलेला मुलगा. त्याच्यावर संकट आले की डोरेमॉन पोटावरच्या खिशातून एखादी अजब वस्तू काढतो. या भागात परीक्षा तोंडावर आलेली असते, म्हणून तो पावाचे तुकडे काढतो. पुस्तकाच्या पानावर पाव दाबला की अक्षरे पावावर उमटतात, आणि पाव खाल्ला की ते पान पाठ होते! नोबिता खातो, खातो, पोट फुटेपर्यंत खातो. शेवटी पोट बिघडते आणि पावाबरोबर पाठांतरही निघून जाते. बिचाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून खावे लागते.

मुलांबरोबर मीही हसलो. पण लगेच यहेज्केल संदेष्टा आठवला. देवाने त्याच्यापुढे लिहिलेला पट धरला आणि तो खाण्यास सांगितले. नुसता चाखण्यास नव्हे, तर त्याने पोट भरण्यास सांगितले. पटावर विलाप व आकांत लिहिलेला होता, तरी तो तोंडात मधासारखा गोड लागला. पात्म बेटावर योहानानेही तसेच पुस्तक खाल्ले. तेही तोंडात गोड होते, पण पोटात गेल्यावर कडू झाले.

बंधूंनो, येथे नीट लक्ष द्या. पोट नोबिताचेही दुखले आणि योहानाचेही. पण नोबिताचे दुखले तेव्हा शब्द बाहेर पडून वाया गेला. योहानाचे कडू झाले तेव्हा त्याला पुन्हा संदेश देण्याची आज्ञा झाली. वचन म्हणून दाखविणे गोड असते. मंडळी टाळ्या वाजविते, बक्षीस मिळते. ते पाळावयाची वेळ आली की कडू लागते. तो कडूपणा सोसला, तरच वचन अंगी लागते.

पाठांतर वाईट, असे मी म्हणत नाही. देवाचे वचन अंतःकरणात जपून ठेवण्याची गोष्ट स्तोत्रकर्ता करतो (स्तोत्र ११९:११). परंतु सैतानालाही एक्याण्णवावे स्तोत्र तोंडपाठ होते, हे विसरू नका (मत्तय ४:६).

दुसऱ्यांना सांगण्याआधी माझीच गोष्ट सांगतो. त्या रविवारचे सुवर्णवचन होते मत्तय ५:२३, २४ : वेदीपाशी अर्पण नेताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. मी ते न अडखळता म्हणून दाखविले. तेव्हा मागच्या रांगेतून एक लहान मुलगी म्हणाली, "सर, तुमचे भाऊ आमच्याच गल्लीत ऱ्हातात की. मग तुमी त्यांच्याशी बोलत का न्हाई?"

वडिलांच्या घराच्या वाटणीवरून आम्हा भावांचे सहा वर्षे बोलणे नव्हते. या सहा वर्षांत मी तेच वचन किती मुलांकडून पाठ करून घेतले! माझा पाव माझ्याही पोटात राहिला नव्हता.

संध्याकाळी मी दादाच्या दारी गेलो. पाय जड झाले होते. दादा काही बोलला नाही. वहिनीने चहा ठेवला. "दादा, चुकलो," एवढेच माझ्या तोंडून निघाले. वाटणीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पण आता आम्ही एकमेकांच्या घरी जातो.

आमच्या बेळगावात १८३१ साली जन्मलेले बाबा पदमनजी येथल्याच मिशन शाळेत शिकले. त्यांचा बाप्तिस्मा मात्र १८५४ साली झाला. शाळेत घेतलेला घास पचण्यास वर्षे लागली. म्हणून शिक्षकांनो, मुलाला वचन आठवले नाही तर रागावू नका. आठवडाभर एकच वचन द्या, आणि पुढच्या रविवारी "पाठ झाले का?" याबरोबर "त्याप्रमाणे काय केले?" असेही विचारा. मात्र त्याचे उत्तर आधी स्वतः द्या.

प्रभो, तुझे वचन आमच्या जिभेवर गोड लागते. ते पोटात कडू झाले तरी आम्ही टाकून देऊ नये, असे बळ आम्हांस दे. आमेन.